भाईंची बग्गी: मूळ रूप म्हणजे नेमकं कुठलं रूप?

खांडेपारकाठ (२२ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. इथले जावा-येझदी आणि फियाटचे धागे बरीच वर्षं वाचत आलोय. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतोय, कारण घरात वाद पेटलाय आणि तो आमचा आम्हाला सुटत नाहीये.

आमचे थोरले काका, आम्ही त्यांना भाई म्हणायचो, डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फोरमन होते. त्यांच्याकडे १९६१ची फोक्सवॅगन बीटल होती. गोवा मुक्त होण्याआधी इथं परदेशी गाडी आणणं बाकी भारतापेक्षा सोपं होतं. खनिजाच्या धंद्यात पैसाही होता, त्यामुळे ओपेल, मर्सिडीज, फोक्सवॅगन रस्त्यांवर दिसायच्या. भाईंनी ती दुसऱ्या हाताची घेतली आणि १९७५ साली अनमोड घाटात उलटवली. माणसं वाचली, टप (वरची बॉडी) पार चेपला.

भाईंनी गाडी भंगारात दिली नाही. कुणा परदेशी पाहुण्याकडच्या मासिकात त्यांनी ड्यून बग्गीचा, म्हणजे वाळूत पळवायच्या उघड्या हलक्या गाडीचा, फोटो पाहिला होता. त्यांनी बीटलचा फ्लोअरपॅन (तळाचा सांगाडा) मधून कापला, आखूड केला, वर्कशॉपात जोडला, आणि फायबरच्या होड्या करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून नुसत्या फोटोवरून वरचं शेल करून घेतलं. ही बग्गी त्यांनी वीसेक वर्षं चालवली. भाई गेल्यावर ती मांगरात (शेडमध्ये) ताडपत्रीखाली पडून होती.

या पावसाळ्यात मी ती उघडली. वॉटर पेपर घेऊन पुढच्या मडगार्डचा तळहाताएवढा भाग घासला. वर पिवळा रंग, त्याखाली लाल, त्याखाली फायबरचा स्वतःचा हिरवा, होडीला असतो तसा. डॅशबोर्डखाली बॅटरी मारून पाहिलं तर रेझिनमध्ये (फायबरला घट्ट करणाऱ्या चिकट द्रवात) मराठी वर्तमानपत्राचा तुकडा चिकटून बसलाय. रेझिन मुरल्यामुळे कागद पारदर्शक झालाय, दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांवर चढलीत, मागची उलटी दिसतात. आरसा धरून पाऊण तास बसलो तेव्हा तारीख लागली: ऑगस्ट १९७७.

माझं म्हणणं, बग्गी जन्मली तशी करायची. हिरवी, सहा व्होल्टची, ११९२ सीसीच्या जुन्या इंजिनासकट. धाकटा भाऊ पुण्याला असतो. चवथीला घरी आला तेव्हा म्हणाला, पिवळीच ठेव, १६०० सीसीचं इंजिन टाक, पुढे डिस्क ब्रेक, अलॉय चाकं. तीन दिवस आम्ही जेवताना नीट बोललो नाही. आई वैतागली.

ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया स्पष्ट सांगा.

निळी_बीटल (२२ सप्टेंबर)

स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. माझ्याकडे १९६४ची बीटल आहे आणि तिचे दिव्यांचे रबरसुद्धा मी मूळ मापाचे शोधून लावलेत. मला बग्गी पाहिली की वाईटच वाटतं. प्रत्येक बग्गीसाठी एक बीटल कापली गेली. तुम्ही मूळ रूप म्हणता, तर या चॅसिसचं मूळ रूप म्हणजे १९६१ची बीटल. आज जुने टप मिळतात, आखूड न केलेला पॅनही मिळू शकतो. भाईंची गाडी अपघाताआधी जशी होती तशी उभी करणं, हा माझ्या मते एकच प्रामाणिक मार्ग आहे. हिरवा की पिवळा हा प्रश्न त्यानंतरचा.

खांडेपारकाठ (२३ सप्टेंबर)

ताई, तुमची कळकळ समजते. पण दुसरा टप आणि दुसरा पॅन आणला तर भाईंच्या गाडीतलं उरेल काय? इंजिन, पुढचा बीम आणि कागद. ती दुसरीच बीटल होईल.

बग्गीचा इतिहास वाचल्यापासून माझं मत आणखी पक्कं झालंय. ज्या गाडीवरून ही सगळी जात निघाली ती मेयर्स मँक्स. कॅलिफोर्नियातले ब्रूस मेयर्स हे बोटी बांधणारे गृहस्थ, फायबरग्लास त्यांच्या हातातला. १९६४ साली त्यांनी पहिली बग्गी केली, तिला पुढे ‘ओल्ड रेड’ म्हणू लागले. त्या पहिल्या डझनभर गाड्यांना बीटलचा पॅन नव्हताच, फायबरचं शेल हीच चॅसिस होती. ते करायला महाग पडायचं, म्हणून नंतर त्यांनी बीटलचा पॅन सव्वाचौदा इंच कापून त्यावर बसणारं शेल काढलं. म्हणजे ज्या रूपाला आज सगळे अस्सल मँक्स म्हणतात, ते खुद्द कर्त्यानेच बदललेलं दुसरं रूप आहे. १९६७ साली ओल्ड रेडमधून मेयर्स आणि त्यांचा जोडीदार बाहा कॅलिफोर्नियातून ला पाझ ते तिहुआना ३४ तास ४५ मिनिटांत गेले, मोटरसायकलचा विक्रम पाच तासांहून जास्त फरकाने मोडला. मग नकलांचा पूर आला. मेयर्स कोर्टात गेले, पेटंट टिकलं नाही, आणि १९७१ साली कारखाना बंद पडला, त्याआधीच ते बाहेर पडले होते.

आमची बग्गी त्या नकलांतलीच एक आहे, तीही फोटोवरून केलेली. बॉनेट मँक्सपेक्षा वीतभर लांब आहे, कारण फोटो तिरका काढलेला असणार. एका मित्राने सुचवलं की बाहेरून मँक्सचा बिल्ला मागवून पुढे लाव, शोभून दिसेल. ते मी करणार नाही. तो बिल्ला या गाडीवर कधीच नव्हता.

दहाबाराचा_पाना (२३ सप्टेंबर)

कोल्हापुरात गॅरेज आहे, बीटलची पाचसहा इंजिनं हातून गेलीत. रंगाचं नंतर बघा. आधी मला सांगा, तो पॅनचा जोड कसा आहे? कापून आखूड केलेल्या पॅनमध्ये सगळा जीव मधल्या टनेलच्या वेल्डिंगवर असतो. गिअरचा रॉड, क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, पेट्रोलची नळी, सगळं त्या टनेलमधून जातं. तिथं चीर गेली असेल तर खड्ड्यात गाडी मधून वाकेल.

आणि पुढचं वजन. बीटल साधारण साडेसातशे किलोची, फायबरची बग्गी साडेपाचशे-सहाशेच्या घरात. इंजिन मागे, म्हणजे पुढचं टोक हलकं. अशा गाडीला पुढे जोरदार डिस्क लावल्या आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला, तर चाकं लगेच लॉक होऊन गाडी सरळ घसरत जाते. चांगले ड्रम या वजनाला पुरतात. त्याऐवजी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. १९६१ला एकच सर्किट होतं, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. हा बदल बोल्टने बसतो, बोल्टने निघतो. जुना सिलिंडर तेल लावून डब्यात ठेवा. इथं मूळ रूपाचा हट्ट धरू नका, तुम्ही त्यात मुलांना बसवणार आहात.

सहा व्होल्टचंही तेच. बॅटरी, डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल आणि बल्ब बदलले की बारा व्होल्ट होतं. जुना स्टार्टर बरेच जण तसाच ठेवतात, फक्त जास्त वेळ फिरवायचा नाही. सहा व्होल्टच्या दिव्यांवर गोव्यातल्या पावसात रात्री गाडी चालवायची माझी तयारी नाही.

आरसी_बुक (२४ सप्टेंबर)

कागदांचं बोलतो. अनेकांना वाटतं की पन्नास वर्षं झाली की गाडी आपोआप विंटेज. २०२१च्या नियमांत व्याख्या आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर काढता येत नाही.

आता तुमची बग्गी बघा. चॅसिस कापलेली, शेल बदललेलं. वयाने बसते, व्याख्येत बसत नाही. ‘मूळ स्वरूप’ असं लिहून सही करायला कुणी सांगितलं तर करू नका.

तुमच्याकडे जुनी ‘जीडी’ (गोवा-दमण-दीव) पाटी आणि आरसी असेल तर ती बारकाईने वाचा. बॉडी बदलल्याची नोंद त्या काळी करून घेतली होती का? असेल तर तो कागद सोन्याचा. त्याच नोंदणीचं नूतनीकरण करत राहा. आणि १६०० सीसीचं इंजिन परस्पर टाकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही याच विषयावर आहेत. आरसीवर आहे त्याहून वेगळी गाडी रस्त्यावर आणणं महागात पडेल.

खांडेपारकाठ (२५ सप्टेंबर)

आरसी_बुक, मनापासून आभार. आईच्या कपाटात लोखंडी पेटीत आरसी सापडली. १९७८ची नोंद आहे, बॉडी ‘ओपन’ असा शेरा आणि शिक्का. भाई किती नेटके होते ते पुन्हा कळलं. इंजिन जुनंच राहणार, भावालाही फोनवर पटलं.

जेलकोट (२७ सप्टेंबर)

मी वेंगुर्ल्याचा, पंचवीस वर्षं फायबरच्या होड्या करतोय. तुमचे फोटो झूम करून पाहिले. दोन गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

हिरव्या रंगाबद्दल. होडीच्या साच्यात पहिला थर पडतो तो जेलकोट, रंग त्यातच कालवलेला असतो. त्यावर मॅट (काचधाग्यांची चादर), रेझिन, परत मॅट. हा रंग गाडीसाठी निवडलेला असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी होडीसाठी जो पिगमेंट कालवला होता त्यातलाच उरलेला वापरला असणार, आम्ही आजही छोट्या कामाला तसंच करतो. तुमच्या भाईंनी हिरवा मागितला असता तर पहिल्याच वर्षी त्यावर लाल का चढवला असता? लाल आणि हिरव्यामध्ये मला ऊन लागल्याची खूण दिसत नाही. जेलकोट उन्हात दोन वर्षं राहिला की खडूसारखा होतो, पांढरट भुकटी सुटते. तुमचा हिरवा लालच्या खाली चकचकीत आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मडगार्डच्या वळणावर ज्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात त्या जेलकोटच्या आहेत. पॉलिशने त्या जाणार नाहीत. तुम्हाला सगळी गाडी हिरवीगार हवी असेल तर एकच उपाय, जुना जेलकोट ग्राइंडरने उतरवून नवा मारायचा. साच्यात पडलेल्या जेलकोटची पातळी बाहेरून मारलेल्याला येत नाही, घासत बसावं लागतं. म्हणजे १९७७चा हिरवा घालवून त्याच रंगाचा यंदाचा हिरवा मिळणार. मूळ वाचवायचं म्हणता आणि मूळच ग्राइंडरखाली घालता. मी ते काम घेणार नाही.

जिथं चीर मॅटपर्यंत गेली आहे तिथं मागच्या बाजूने ४५० ग्रॅमची मॅट दोन थर चढवा. वर्तमानपत्राच्या कागदावर मात्र मॅट नको, नुसता साध्या रेझिनचा पातळ हात द्या, अजून पन्नास वर्षं वाचता येईल. आणि पाऊस पूर्ण ओसरल्याशिवाय रेझिनला हात लावू नका. हवा दमट असली की वरचा थर चिकट राहतो, हार्डनर वाढवून काही होत नाही, उलट काम ठिसूळ होतं.

केरी_तेरेखोल (२८ सप्टेंबर)

धागा आवडीने वाचतेय. एक विनंती आत्ताच करते. गाडी तयार झाली की लोक वाळूत फोटो काढायला सांगतील. नावच ड्यून बग्गी. कृपया नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूच्या टेकड्यांना मर्यादवेल धरून ठेवते. त्या वेलीवरून एकदा टायर गेला की ती जागा उघडी पडते आणि वारा वाळू उडवून नेतो. आमच्याकडची एक टेकडी माझ्या डोळ्यांसमोर बसली आहे.

खांडेपारकाठ (२८ सप्टेंबर)

शब्द देतो, वाळूला चाक लागणार नाही. भाईसुद्धा ती खाणीच्या रस्त्यावर आणि फोंडा-डिचोली एवढीच चालवायचे.

खांडेपारकाठ (९ ऑक्टोबर)

जोडाची तपासणी झाली. दहाबाराचा_पाना, तुम्ही विचारलं नसतं तर मी रंगाच्याच मागे राहिलो असतो.

शेल उतरवायला सहा जण लागले. टनेल वायर ब्रशने साफ केला. भाईंचं वेल्डिंग पहिल्यांदा उघड्यावर पाहिलं. गॅस वेल्डिंग आहे. वरच्या सपाट भागात मणी एकसारखे, ओवल्यासारखे. टनेल खाली वळतो तिथं हात वाकडा धरावा लागला असणार, मणी मोठे आणि विस्कटलेले. दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या आहेत, त्यांवर जुनी भोकं आहेत, म्हणजे खाणीतल्या कुठल्या तरी यंत्राचं पोलाद. उजवी-डावी कर्णरेषा मापली तर फरक तीन मिलिमीटर. आजच्या जिगशिवाय (भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीशिवाय), जमिनीवर खडूने आखून केलेलं काम आहे हे.

मग चिरा दाखवणारा लाल डाय मारला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला. पाच मिनिटांत डाव्या वळणावर लाल रेघ उमटली, दोन इंच. मी तिथंच खाली बसलो. याच गाडीत आम्ही पाच-पाच पोरं बसून फिरलोय.

वेल्डरचं म्हणणं होतं, सगळा जोड ग्राइंड करून नव्याने मिग (तारेचं इलेक्ट्रिक वेल्डिंग) करू, एका दिवसात स्वच्छ दिसेल. दोन दिवस विचार केला. शेवटी फक्त चीर गेलेला भाग, दोन्ही टोकांना अर्धा इंच जास्त धरून, खोलवर काढला आणि भरला. खालच्या बाजूने नवी प्लेट टाकली. बाकीच्या जोडावर पुन्हा डाय मारला, काही उमटलं नाही, म्हणून भाईंचे मणी तसेच ठेवले. नवा भाग मुद्दाम घासून लपवलेला नाही. पुढे कुणी उघडलं तर कुठलं काम कुणाचं ते त्याला दिसेल.

निळी_बीटल (१० ऑक्टोबर)

वेल्डिंगचे फोटो पाहिले. बीटल कापल्याचं मला अजूनही वाईट वाटतं, ते तसंच राहील. पण टप परत बसवा असं मी आता म्हणणार नाही. त्यासाठी हा जोड पुन्हा कापावा लागेल, आणि तो कापू नये.

मडगार्डवरचा (१४ ऑक्टोबर)

मी यातला धाकटा भाऊ. हा धागा वाचायला म्हणून इथं खातं उघडलं.

दादाने लिहिलंय की मला पिवळी हवी. का हवी ते त्याने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी सात वर्षांचा असताना शिगम्याच्या आदल्या रात्री भाईंनी ती स्वतः पिवळी केली, ब्रशने. लाल रंग पेंटिंगवाल्याने मारला होता, पिवळा भाईंच्या हातचा. मी कंदील धरून उभा होतो. ब्रश जुना होता, त्याचे केस सुटून रंगात अडकायचे. भाई नखाने काढायचे, एखादा राहायचा. सकाळी रंग पुरता सुकला नव्हता, मी मडगार्डवर बसलो आणि पांढऱ्या चड्डीला पिवळा लागला. आई रागावली, भाई हसले. मिरवणुकीत आम्ही ढोलांच्या मागे होतो.

दादा तेव्हा बेळगावला शिकायला होता. त्याला ती लालच आठवते.

डिस्क ब्रेक आणि अलॉयचा हट्ट मी सोडलाय. पिवळ्याचा नाही.

खांडेपारकाठ (१४ ऑक्टोबर)

वाचून लगेच मांगरात गेलो. उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागे, बोट फिरवलं तर काहीतरी टोचतं. भिंग लावलं. पिवळ्यात बुडालेला एक केस आहे, सुमारे पाऊण इंच, एका टोकाला वाकलेला. तिथं मी उद्या वॉटर पेपर चालवणार होतो.

जेलकोट (१५ ऑक्टोबर)

ब्रशने मारलेला म्हणजे सिंथेटिक इनॅमल. ऐका, त्यावर टू-के (हार्डनर मिसळायचा रंग) मारायला कुणी सांगेल, मारू नका. त्याचं थिनर जुन्या इनॅमलला उचलतं, साईसारख्या सुरकुत्या पडतात. एक तर सगळा पिवळा खरवडून काढा, नाहीतर इनॅमलवर इनॅमलच लावा. खाली हिरवा आहे त्यालाही तो पिवळाच झाकून ठेवतोय, ऊन लागू देत नाही.

खांडेपारकाठ (३ नोव्हेंबर)

ठरलं. गाडी पिवळी राहणार. खरवडायची नाही, जिथं निघाला आहे तिथं भरायचा. मडगार्डवर मी घासलेला तळहाताएवढा भाग तसाच उघडा ठेवणार, पिवळा, लाल, हिरवा तिन्ही दिसतात, त्यावर फक्त क्लिअर (पारदर्शक थर). बारा व्होल्ट आणि दोन सर्किटचा सिलिंडर बसला. जुना डायनॅमो आणि जुना सिलिंडर नाव लिहून पेटीत ठेवले. चाकं जुनीच, पत्र्याची. सीटचं रेक्झिन कुजलंय, तिथं भावाला हवा तो रंग, त्यात माझं काही म्हणणं नाही.

फोंड्याच्या बाजारात इनॅमलच्या तीन डब्यांतून पिवळा जुळवला. उन्हात थोडा गडद वाटतो, सावलीत बरोबर बसतो. भाऊ पुढच्या शनिवारी येतोय, ब्रश तोच धरणार. जेलकोट, टर्पेंटाइन किती घालायचं आणि ब्रश कुठला, तेवढं सांगा.

जेलकोट (३ नोव्हेंबर)

लिटरला शंभर मिली, त्याहून जास्त नको, ओघळेल. ब्रश दोन इंची, खऱ्या केसांचा, आधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा. पहाटेचं दव पुसून सुरू करा आणि दहाच्या आत संपवा, नंतर वारा सुटला की धूळ बसते. भावाला म्हणावं केस सुटला तर लगेच नखाने काढ. त्या उजव्या मडगार्डावर मात्र ब्रश नेऊ नका.